उडानचं तिकीट, जळगावचं ऊन आणि रावेरची केळी: वाचकांचे प्रश्न

जळगाव विमानतळ ‘उडान’मध्ये आहे, मग आमच्याकडून शेजारच्या प्रवाशापेक्षा दुप्पट भाडं का घेतलं? (चोपडा)

‘उडान’ ही छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देणारी केंद्र सरकारची योजना. पण तिची सवलत सगळ्या विमानाला नसते. साधारण निम्म्या जागा ‘आरसीएस’च्या, म्हणजे सवलतीच्या: किमान 9, कमाल 40. 70 आसनांच्या एटीआर या पंख्याच्या विमानात 35. भाड्याची मर्यादा तेवढ्याच जागांना. योजना 2016 मध्ये आली तेव्हा तासाभराच्या, सुमारे 500 किलोमीटरच्या उड्डाणाला ती 2,500 रुपये होती, पुढे वाढली. उरलेल्या जागांचं भाडं कंपनी ठरवते. सवलतीच्या जागेला उत्पन्नाची अट नाही, जो आधी घेईल त्याची. म्हणून लग्नाची तारीख ठरली की पत्रिका छापायच्या आधी तिकीट काढा. मार्गाची सवलतीची मुदत संपलेली असेल, तर मात्र कितीही आधी काढून उपयोग नाही.

विमान सुरू होतं, फोटो निघतात, मग बंद. असं का? (पाचोरा)

जळगावात 2017 च्या डिसेंबरात 18 आसनी विमान आलं, 2019 मध्ये एटीआर, मग पुन्हा खंड, आणि 2024 मध्ये नव्याने सुरुवात. दुखणं योजनेच्या रचनेतच आहे. कमी भाड्यामुळे येणारी तूट सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. तेवढा काळ त्या मार्गावर स्पर्धकही नसतो. हा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर शुल्क लावून उभा केलेल्या निधीतून येतो. राज्याचा वाटा 20 टक्के. शिवाय इंधनावरचा व्हॅट 1 टक्क्यापर्यंत, उतरण्याचं आणि पार्किंगचं शुल्क माफ.

तीन वर्षांनी ही तूट कंपनीच्या अंगावर येते. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात, मार्ग वाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे: दिलेले मार्ग 774, सुरू झाले 371, तीन वर्षं पूर्ण केली 112 मार्गांनी, त्यानंतरही चालू राहिले 54. म्हणजे शंभरातले सात. आमच्या मते ‘स्वस्त तिकीट मिळत नाही’ ही तक्रार गौण आहे. पूर्ण भाड्याच्या उरलेल्या जागा रिकाम्या जातात का, ते बघा. ताफ्यात दोन-तीनच विमानं असलेल्या कंपनीचं एक विमान दुरुस्तीला गेलं, तरी आठवड्याचं वेळापत्रक कोलमडतं आणि व्यापारी पुन्हा रात्रीच्या रेल्वेकडे वळतो.

धुळ्यात धावपट्टी आहे, मग प्रवासी विमान का नाही? (धुळे)

धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचा परवाना, अग्निशमन, सुरक्षा तपासणी, टर्मिनल हे सगळं लागतं, आणि त्या मार्गासाठी बोली लावणारी कंपनी हवी.

मे महिन्यात कंपनीने आमचं सामान मागे ठेवलं. चूक कोणाची? (भुसावळ)

बहुधा उन्हाची. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. पूर्ण वजनाच्या एटीआर-72 ला समुद्रसपाटीवर, 15 अंश तापमानात उड्डाणाला सुमारे 1,300 मीटर लागतात. आपल्याकडे 44 अंशांत ही गरज बरीच वाढते, धावपट्टी मात्र तेवढीच राहते. मग वजन उतरवायचं: आधी माल, मग बॅगा, शेवटी माणसं. शक्य असेल तर सकाळचं विमान धरा, औषधं आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा.

उड्डाणच रद्द झालं आणि 24 तास आधी कळवलं नसेल, तर तासाभराच्या प्रवासाला भरपाई 5,000 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. स्वस्त तिकिटाला भरपाईही स्वस्तच! खराब हवामानामुळे रद्द झालं तर भरपाई नाही, पण पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. तक्रार आधी कंपनीकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर.

कृषी उडानमधून केळी पाठवता येतील का? (रावेर)

‘कृषी उडान’ ही शेतमाल विमानाने नेण्याची योजना. पण हिशेब करा. एटीआर-72 एकूण साडेसात टनांच्या आसपास भार उचलतं. 70 प्रवासी, बॅगांसह माणशी 90 किलो धरले तर 6.3 टन तिथेच गेले. उरतो टनभर, तोही उन्हाळ्यात हमखास नाही. एका ट्रकची केळी न्यायला दहा-बारा फेऱ्या लागतील. हिरवी केळी 13-14 अंशांवर ठेवली तर काही आठवडे टिकतात, त्यामुळे घाई नाही. परदेशी पाठवायची तर वातानुकूलित कंटेनर आणि जेएनपीटी बंदर. विमान नमुन्याच्या पेट्यांसाठी वापरा.