मतगट्टे म्हणजे गठ्ठा नव्हे ओ!

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलंय, निवडणुकीत शाळेच्या भिंतीवर कन्नडात 'मतगट्टे' लिहितात ते 'गठ्ठा मतं'वरून आलंय काय आणि त्याला मराठीत काय म्हणायचं. मराठीत मतदान केंद्र, बोलताना बूथ, झालं. पण हे गठ्ठ्याचं खूळ आता पुरे करा. दर निवडणुकीला चहाच्या गाड्यावर कोणतरी ऐटीत सांगतंय, 'आमच्या गल्लीचा मतगट्टा फिक्स आहे', म्हणजे सगळ्यांची मतं पेंढीसारखी बांधून यानं आधीच देऊन टाकलीत!

अहो, मत अधिक कट्टे, मतगट्टे. कन्नडात समास होताना दुसऱ्या शब्दातला पहिला क मऊ पडून ग होतो, आदेश संधी म्हणतात. मळे म्हणजे पाऊस, त्याला काल जोडला की मळेगाल, पावसाळा, हे आपण रोज ऐकतोय की. गठ्ठा वेगळ्याच घरातला, ग्रंथी, गाठ, गठ्ठा, त्यात ठ आहे, मतगट्टेत साधा ट.

आणि कट्टे म्हणजे तर आपला कट्टाच! कन्नडात 'कट्टु' म्हणजे बांधणे, बांधलेला तो कट्टे, पिंपळाचा पार तो अरळी कट्टे. तरी आपले काही पंडित कट्टा ओढूनताणून संस्कृतातूनच काढणार, शेजारच्या भाषेचं देणं कबूल करायला एवढं जड का जातंय कळत नाही. कन्नड संशोधक शं. बा. जोशी याच बेळगाव जिल्ह्यातले, मराठी-कन्नडाच्या जुन्या नात्यावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं, ते तरी वाचा. माझं तर ठाम मत आहे की ज्यानं हा शब्द घडवला त्याच्या डोळ्यासमोर गावचा पारच होता, गावकीचा निवाडा व्हायचा तो. फरक एवढाच की पारावर चार वजनदार माणसं बोलायची आणि बाकीचे माना हलवायचे, बायका तर लांबच. मतगट्ट्यावर मात्र अठरा पूर्ण झालेला आणि यादीत नाव असलेला प्रत्येकजण आडोशाला एकटा जातो, तिथं त्याच्या खांद्यावरून बघायला कुणी नसतंय.

एकांनी अशीही व्युत्पत्ती लावली की 1996 ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार होते, मतपत्रिकेचा गठ्ठाच झाला, तिथनं हा शब्द आला. उमेदवार होते खरे, पण शब्द म्हैसूर-मंगळूरलाही हाच चालतो, त्याचा आमच्या एका निवडणुकीशी काय संबंध?

मला राग येतो तो एवढ्यासाठी की गठ्ठा म्हटलं की धाक आलाच. बूथवार आकडे बाहेर येतात, मग कुठल्या गल्लीनं काय केलं याचा हिशोब मांडणारे असतातच. बूथ ताब्यात घेणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 135अ खाली गुन्हा आहे, किमान एक वर्ष कैद, सरकारी नोकर असला तर किमान तीन. तेव्हा मराठीत 'मतगट्टा' वापरायचाच असला तर खुशाल वापरा, फक्त 'गल्लीचा मतगट्टा फिक्स' नको, 'गल्लीतला मतगट्टा कुठल्या शाळेत आहे' असं विचारा.