तर्काच्या सूत्रांत एकाच ‘आणि’ला ∧, गुणाकाराचा ठिपका, & अशी वेगवेगळी चिन्हं का? कुठलं बरोबर?

सगळीच बरोबर. तर्कशास्त्रवाले ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांना अनुक्रमे ∧ ∨ ¬ लिहितात. सर्किटवाले ‘आणि’ला क·ख (किंवा नुसतं कख), ‘किंवा’ला क+ख आणि नकारासाठी वर आडवी रेघ किंवा क′. खरा गोंधळ ‘+’ या चिन्हाचा आहे.

तर्काचं बीजगणित मांडणाऱ्या जॉर्ज बूलने 1854 च्या पुस्तकात + वापरलं ते एकमेकांत न मिसळणाऱ्या वर्गांसाठीच. आज सर्किटात (1 म्हणजे सत्य, 0 म्हणजे असत्य) 1+1=1, म्हणजे साधा ‘किंवा’. पण बीजगणिताच्या अंगाने लिहिणारे ⊕ ऐवजी नुसतं + लिहितात, तेव्हा 1+1=0, म्हणजे ‘दोन्हींपैकी नेमकं एक’. फरक किरकोळ नाही. क+ख=क+ग असेल तर ⊕ मध्ये दोन्हीकडचा क खुशाल उडवा. ‘किंवा’त उडवलात की फसलात: क=1, ख=0, ग=1 घालून पाहा. म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी 1+1 किती धरलंय ते बघायचं. साधा ‘किंवा’ ⊕ वापरून लिहायचा तर क∨ख = क⊕ख⊕कख.

रेघेचंही तसंच. कख वर एकच सलग रेघ म्हणजे (कख)′. दोन सुट्या रेघा म्हणजे क′ख′. क=1, ख=0 ला पहिलं 1 येतं, दुसरं 0. हाताने लिहिताना रेघ मध्ये तुटली की उत्तर गेलंच. मी तरी तिथे कंस घालतो.

कंस गाळायचे तर आधी कोण लागू याचा क्रम सहसा ¬, ∧, ∨, → (‘जर-तर’), ↔ (‘जर आणि तरच’) असा. पण प→फ→ब ला कंस घालाच. बहुतेक जण तो प→(फ→ब) असा वाचतात. तिन्ही असत्य असतील तर हे सत्य, आणि (प→फ)→ब असत्य.

आता ↔ आणि ≡. प↔फ हे स्वतःच एक विधान आहे, कधी खरं कधी खोटं. ‘प∧फ ≡ फ∧प’ हे मात्र दोन सूत्रांबद्दलचं आपलं बोलणं: दोघांची सत्यता सारणी (चलांच्या, म्हणजे प, फ यांच्या, प्रत्येक किमतीला उत्तर काय याचा तक्ता) एकच. (जुन्या पुस्तकांत ≡ हेच ↔ च्या जागी असतं, आणि → च्या जागी ⊃.) सूत्र (लिहिलेली चिन्हं) आणि फल (त्यातून येणारी सारणी) वेगळे धरायचे ते इथेच. दोन चलांची सूत्रं हवी तितकी लिहा, फलं 16 च. सारणीत 4 ओळी, प्रत्येकीत 0 किंवा 1, म्हणून 2⁴. तीन चलांना 256.