चारशे पौंडांतले हातात किती येतात?

मला समजलं ते असं. तुमच्या मिस्टरांना रेडिंगमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी लागली आहे आणि तुम्ही पुण्याहून डिपेंडंट म्हणून येताय. तुम्हाला एका एजन्सीने सहा महिन्यांचं डेटा इंजिनिअरिंगचं कंत्राट देऊ केलंय, दिवसाला ४०० पौंड, ‘इनसाइड आयआर३५’ (म्हणजे करापुरतं तुम्हाला नोकरदारच धरणार), म्हणून पगार अंब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे कंत्राटी माणसांना आपल्या पेरोलवर घेऊन कर कापून पगार देणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत. एजन्सीने दोन अंब्रेला सुचवल्या. एक आठवड्याला १५ पौंड घेते, दुसरी २५. तिसरीने लिंक्डइनवर स्वतःहून गाठलं आणि हातात ८४ टक्के मिळतील म्हणाली. यातली कुठली घ्यायची?

तिसरीला आजच ब्लॉक करा. का, ते पुढे सांगते.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की ४०० हा तुमचा पगार नाही. एजन्सी अंब्रेलाला देते तो हा दर, असाइनमेंट रेट. कागदोपत्री अंब्रेला तुमची मालक होते, पण मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (एनआय, सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) ती भरते याच दरातून. आमच्याकडे वडील कांदा घेऊन लासलगावला जायचे. आडत्याच्या पट्टीवर भाव ठळक असायचा आणि खाली बारीक अक्षरात आडत, हमाली, तोलाई. घरी आल्यावर आई फक्त शेवटचा आकडा विचारायची. इथली पहिली पेस्लिप हातात आली तेव्हा मला ती पट्टीच आठवली.

तुमचा हिशेब करून बघितला. आठवड्याचे २,००० पौंड. २५ पौंड अंब्रेलाचं मार्जिन, म्हणजे तिची फी, गेलं. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स आठवड्याला ९६ पौंडांच्या वरच्या पगारावर १५ टक्के, म्हणजे सुमारे २४४. अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठी मोठ्या मालकांवरचा कर) अर्धा टक्का, साधारण ९. उरले १,७२२. हा तुमचा खरा ग्रॉस, आणि सुट्टीचे पैसेही यातच धरलेले. यावर तुमचा आयकर आणि तुमचा स्वतःचा एनआय मिळून सुमारे ५२० जातात. हातात १,२०० पौंडांच्या आसपास. म्हणजे ६० टक्के. पेन्शन यात धरलेलं नाही. त्यात राहिलात तर मालकाचे किमान ३ टक्केही याच दरातून निघतील.

इथपर्यंतचं सगळं कायदेशीर आहे. मालकाचा कर नोकराच्या दरातून का, असा राग मलाही आला होता, पण त्यावर भांडून उपयोग नाही. भांडायचं ते दर ठरवताना. एजन्सीला विचारा, ‘अंब्रेला नको, एजन्सीच्याच पीएवायई पेरोलवर (मालकच कर कापून पगार देतो तसं) घ्याल का?’ ४०० अंब्रेला म्हणजे पीएवायईवर साधारण ३०७ पौंड आणि वर सुट्टीचे पैसे. ‘पीएवायईवर ३२० देतो’ म्हणाले तर तो कमी दर नाही, जास्त आहे. हे गणित माहीत नसल्यामुळे माणसं ४०० च्या आकड्याला भुलतात.

आता लपवाछपवी. मार्जिन जाहिरातीत असतं, म्हणून स्पर्धाही तिथेच होते आणि कमाई दुसरीकडे. १५ आणि २५ मधले दहा पौंड करापूर्वीचे आहेत, तुमच्या हातात फरक पडतो आठवड्याला पाचेक पौंडांचा. सहा महिन्यांत १३०. या १३० साठी लोक तासन् तास घासाघीस करतात आणि सुट्टीच्या पैशांचं कलम वाचत नाहीत.

मीही वाचलं नव्हतं. २०२१च्या एप्रिलमध्ये मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांना आयआर३५चे नवे नियम लागू झाले आणि आम्हाला सरसकट अंब्रेलात ढकललं गेलं, तेव्हा मी सगळ्यात स्वस्त कंपनी निवडली. सुट्टीचे पैसे ती बाजूला ठेवत होती, पगाराच्या १२.०७ टक्क्यांनी. कंत्राट संपल्यावर मागितले तर उत्तर आलं की तुम्ही सुट्टीचा अर्ज मुदतीत केला नाही, सबब रक्कम जप्त. नवव्या पानावर तसं लिहिलं होतं खरं. पण नोकरी सुटताना न घेतलेल्या वैधानिक सुट्टीचे पैसे द्यावेच लागतात, करारात काहीही लिहा. अकॅसकडे (नोकरीतल्या वादांत मध्यस्थी करणारी सार्वजनिक संस्था) जाते म्हटल्यावर तीन हजारांहून थोडी जास्त रक्कम आठ दिवसांत आली. अकॅसची मध्यस्थी फुकट असते, फक्त ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो; माझ्या वेळी ती तीन महिन्यांला एक दिवस कमी एवढी होती. तुमच्या दरात ही रक्कम आठवड्याला सुमारे १८५ पौंड होते. सव्वीस आठवड्यांचे ४,८००.

बाकीची कापाकापी लहान असते, पण चिवट. त्याच दिवशी पैसे हवे तर वेगळी फी, ‘इन्शुरन्स’च्या नावाखाली काहीतरी, सोडताना पी४५ (नोकरी सोडल्यावर मिळणारा पगार-कराचा दाखला) साठी ‘अ‍ॅडमिन चार्ज’. लेव्हीचं विचारून घ्या, कारण ज्या कंपनीचं वर्षाचं एकूण पगारबिल ३० लाख पौंडांच्या आत आहे तिला ती भरावीच लागत नाही; तरी कापली तर गेली कुठे? पेन्शनमधून बाहेर पडलात तर मालकाचा हिस्साही पेस्लिपवरून गेला पाहिजे. आणि मालक म्हणून भलत्याच, दर दोन-तीन महिन्यांनी बदलणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर तिथे थांबू नका. माणसं छोट्या छोट्या कंपन्यांत विभागून करसवलती लाटण्याचा तो प्रकार असतो.

एजन्सीच्या यादीबद्दल थोडं. काही अंब्रेला यादीत येण्यासाठी एजन्सीला माणसामागे पैसे किंवा भेटी देतात, आणि ते निघतात तुमच्याच दरातून. आयजीच्या जिवावर बायजी उदार. म्हणून यादीत नाव आहे याचा अर्थ कोणी तपासून पाहिलंय असा घेऊ नका. मात्र एप्रिल २०२६ पासून अंब्रेलाने कर बुडवला तर सरकार एजन्सीकडून वसूल करू शकतं, त्यामुळे एजन्स्याही सावध झाल्या आहेत.

तर ८४ टक्केवाली. वरचं गणित पाहिलंत, कायद्यात राहून ६० च्या पुढे फार जाता येत नाही. मग वरचे कुठून येतात? थोडा पगार किमान वेतनाइतका दाखवायचा, उरलेलं ‘लोन’, ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून द्यायचं आणि त्यावर कर भरायचाच नाही. कंपनी गाशा गुंडाळते आणि एचएमआरसी, म्हणजे इथलं करखातं, वसुलीला येतं तुमच्याकडे. २०१९च्या लोन चार्जमध्ये (असल्या जुन्या ‘लोन’वर लावलेला कर) अशा हजारो लोकांना जुन्या वर्षांची बिलं आली. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही करथकबाकी आड येते.

सही करण्याआधी एजन्सीकडून ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ मागा. एप्रिल २०२० पासून ते अटी ठरण्याआधी देणं एजन्सीवर बंधनकारक आहे आणि त्यात दरापासून हातातल्या रकमेपर्यंत नमुना हिशेब असतो. आल्यावर ‘स्टार्टर चेकलिस्ट’ (नव्या नोकराने भरायचा कराचा फॉर्म) भरताना, ६ एप्रिलनंतरची ही तुमची इथली पहिलीच नोकरी असेल तर ‘ए’ विधान निवडा. फॉर्म तसाच राहिला तर १२,५७० पौंडांची करमुक्त सवलत न धरता कर कापतात. परत मिळतो, पण ऐन घरभाड्याच्या डिपॉझिटच्या महिन्यात अडकतो.

राहिल्या १५ आणि २५. दोघींना एकच मेल टाका: सुट्टीचे पैसे दर आठवड्याला देता की साठवता, साठवत असाल तर पेस्लिपवर शिल्लक दिसते का, आणि मार्जिनशिवाय दुसरं काय कापता, लेखी कळवा. २५ वालीने सरळ उत्तर दिलं आणि १५ वाली ‘फोनवर बोलू’ म्हणाली, तर २५ वाली घ्या. दोघीही फोनवरच बोलू म्हणाल्या तर एजन्सीला आणखी एखादं नाव विचारा.