वाचकांचे प्रश्न : प्रचाराची जाहिरात वाचायची कशी?

या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये प्रचारपत्रकं, रील आणि फ्लेक्सविषयीचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मोबाइलवर एक प्रचारपत्रक आलंय. ‘उसाची एफआरपी २,१०० वरून ३,४००, तब्बल ६२ टक्के वाढ.’ आकडे सरकारी आहेत. मग शंका घ्यायला जागा कुठे राहते? – ऊस उत्पादक, वाळवा तालुका

दोन्ही आकडे खरे आहेत आणि टक्केवारीही चुकलेली नाही. एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान दर. २०१३-१४ च्या हंगामात ती क्विंटलला २१० रुपये होती, २०२४-२५ ला ३४०. टनावर नेलं की २,१०० आणि ३,४००. पत्रकातून गळलाय तो उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं शेकडा प्रमाण. ते २१० रुपये साडेनऊ टक्के पायाभूत उताऱ्याला होते. २०१८-१९ पासून हा पाया १० टक्के झाला आणि २०२२-२३ पासून १०.२५. म्हणजे ३४० चा दर १०.२५ टक्के उताऱ्याचा आहे. त्याखाली दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये कमी होतात आणि साडेनऊला दर येतो ३१५.१०. आता २१० शेजारी ३१५.१० ठेवून पाहा. वाढ ५० टक्के. वाढ आहेच, पण ६२ नाही.

आमच्या कारखान्याचा उतारा चांगला आहे, असं तुम्ही म्हणाल. १२ टक्के धरू. जुन्या हंगामात पायाच्या वर दर ०.१ टक्क्याला २.२१ रुपये मिळायचे, म्हणजे २६५.२५. नव्या हंगामात ३९८.१०. पुन्हा वाढ ५० टक्केच. शिवाय मधल्या अकरा वर्षांत खत, मजुरी आणि डिझेल कुठे गेलं, हा हिशेब वेगळाच.

विरोधकांचं पत्रकही याच चाळणीतून काढा. तिथे बहुधा ‘हातात पडले किती?’ असा सवाल असतो आणि तोडणी-वाहतूक वजा केलेली रक्कम जुन्या, वजावट न केलेल्या दराशेजारी छापलेली असते. एकाने पोत्यासकट वजन केलं, दुसऱ्याने पोतं काढून. आणि दोघेही काटा बरोबर असल्याची शपथ घेतात.

आलेख असेल तर आधी डावीकडच्या पट्टीचा तळ पाहा. २०२३-२४ चा दर टनाला ३,१५० आणि पुढच्या वर्षी ३,४००; वाढ जेमतेम ८ टक्के. पण पट्टी शून्याऐवजी ३,००० पासून सुरू केली, तर एक खांब १५० चा आणि दुसरा ४०० चा दिसतो. डोळ्यांना दर अडीचपटीहून जास्त झालेला वाटतो. दुसरी नेहमीची चलाखी म्हणजे सुरुवातीचं वर्ष निवडणं. ज्याला वाढ दाखवायची असते तो दुष्काळाचं वर्ष धरतो, ज्याला घट दाखवायची असते तो सुकाळाचं.

आमचं मत विचाराल तर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जाहिरातीपेक्षा आकड्यांची जाहिरात जास्त जपून वाचावी. रडवणारी जाहिरात आपल्याला रडवते आहे हे निदान कळतं. आकडा दिसला की आपण पहारा उठवतो.

प्रश्न : अकरावीच्या वर्गात राजकीय जाहिरातींवर तासिका घ्यायची आहे. ॲरिस्टॉटलचे मन वळवण्याचे तीन मार्ग मुलांना व्याख्येपुरते माहीत आहेत. प्रत्यक्ष काम कसं करून घ्यावं? – शिक्षिका, कराड

व्याख्या दोन मिनिटांत उरका. बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि मांडलेला युक्तिवाद असे ते तीन मार्ग. मुलं इथेच फसतात, कारण त्यांना प्रत्येक जाहिरातीला एकच खण द्यायचा असतो. तीस सेकंदांच्या जाहिरातीत तिन्ही मार्ग एकापाठोपाठ येतात. एकाचं काम संपायच्या आत दुसरा पुढे येतो, आणि पाहायचं असतं ते हे सांधे.

जाहिरात तीनदा दाखवा. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा पडदा झाकून, फक्त आवाज. तिसऱ्यांदा दाखवूच नका. तिच्यातली सगळी वाक्यं फळ्यावर लिहून काढा. संगीत आणि चेहरे गेले की वाक्यं किती उघडी पडतात, हे मुलांचं मुलांनाच दिसतं. तीस सेकंदांत साधारण साठ-सत्तर शब्द मावतात, त्यामुळे फळा पुरतो.

नमुन्यादाखल अशी एक जाहिरात धरा. पहिली आठ सेकंदं : भेगाळलेली जमीन, रिकामी घागर घेतलेली म्हातारी, बासरी. पुढची आठ : कालव्यातून उसळणारं पाणी, ढोल-ताशा आणि ‘दुष्काळी पट्ट्यात पाणी आलं’ हे वाक्य. मग आठ सेकंदं उमेदवार : हात जोडलेले, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना, मागे कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. शेवटची सहा सेकंदं चिन्ह आणि मतदान यंत्राची पीप.

फळ्यावर आता मधलं वाक्य तेवढं ठेवा. ‘पाणी आलं.’ कर्ता पाणी. आणणारा कोण, हे जाहिरातीने कुठेही म्हटलेलं नाही. पण पुढच्याच चौकटीत उमेदवाराचा चेहरा येतो आणि पाहणारा मनातल्या मनात वाक्य पुरं करतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे टप्पे दशकानुदशकं, वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या काळात पुढे सरकले आहेत. ‘हे पाणी मी आणलं’ असं लिहिलं असतं तर कोणीही खोडून काढलं असतं. न लिहिलेलं वाक्य खोडणार कसं? ऐकणाऱ्याने भरायची अशी मोकळी जागा ठेवणाऱ्या युक्तिवादाला ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं नावही आहे, एन्थिमीम.

म्हणून मुलांना क्रियापदं अधोरेखित करायला लावा आणि प्रत्येकापुढे ‘कोणी?’ आणि ‘कधी?’ लिहायला सांगा. १९७१ चं ‘गरिबी हटाओ’ आणि २०१४ चं ‘अच्छे दिन आने वाले हैं’ या दोन गाजलेल्या घोषणांवरही हाच प्रयोग करता येतो. पहिलीत आज्ञा आहे, पण कोणी हटवायची हे नाही. दुसरीत दिवस आपले आपण येतात. दोन्हींत तारीख नाही. (मराठी सरकारी भाषेतलं ‘करण्यात आले’ हे याच घराण्यातलं. शिक्षक म्हणून तुम्हाला ते वेगळं सांगायला नको.)

दुसरी फेरी सर्वनामांची. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, ही प्रचार लिहिणाऱ्याला मिळालेली देणगीच. ‘आम्ही रस्ते केले’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण रस्ते केले’ म्हटलं की तोही मुकादम होतो. कामाची यादी ‘आम्ही’ने आणि अडचणींची ‘आपण’ने सुरू होते का, ते मोजायला सांगा.

तिसरी फेरी नात्यांची. आबा, दादा, भाऊ, ताई, साहेब. फ्लेक्सवर आडनावापेक्षा हे शब्द मोठे का छापतात? घरातल्या माणसाकडे कोणी हिशेब मागत नाही. ‘हक्काचा माणूस’, ‘मातीतला माणूस’ हेही तेच. विश्वास उसना आणण्याची रीत इथे तर जुनीच आहे. २५ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीवर एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्षही येऊन जातात, आणि तिथला फोटो पुढे पत्रकावर चढतो. आदर खोटा असतो असं नव्हे. पण समाधीवर फूल वाहिल्याने पाणीपट्टीचा प्रश्न सुटत नाही, एवढं मुलांनी वहीत नोंदवलं तरी तासिका वसूल.

प्रश्न : भीती दाखवणाऱ्या जाहिराती खरंच चालतात का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज

चालतात, पण भीतीसोबत सुटकेची वाट दाखवली तर. नुसतं घाबरवलं की माणूस चॅनेल बदलतो.

अमेरिकेतली ‘डेझी’ ही जाहिरात याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. ७ सप्टेंबर १९६४ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारात ती पैसे देऊन एकदाच दाखवली गेली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत अडखळत आकडे मोजते. मग पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि अणुस्फोट. शेवटी मतदानाचं आवाहन. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नाव संपूर्ण जाहिरातीत नाही. ते प्रेक्षकांनी घातलं. पुढे वृत्तवाहिन्यांनी ती बातमी म्हणून फुकट दाखवली.

आपल्याकडच्या भीतीच्या जाहिरातीला दोन प्रश्न विचारा. धोका कुठे आणि कधी घडला, याचा पत्ता दिलाय का? आणि ज्या पदासाठी मत मागितलं जातंय, त्या पदाच्या हातात तो धोका टाळणं आहे का? जिल्हा परिषदेच्या उमेदवाराच्या रीलमध्ये देशाची सीमा दिसायला लागली, की गटातल्या शाळाखोल्या आणि आरोग्य केंद्रांबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं काय आहे, ते विचारावं.

प्रश्न : साताऱ्यातल्या पावसातल्या सभेने निवडणूक फिरवली, असं सगळे म्हणतात. ही जाहिरातच म्हणायची का? – निवृत्त कर्मचारी, सातारा

१८ ऑक्टोबर २०१९ ची शरद पवारांची सभा ठरवून केलेली जाहिरात नव्हती. पण त्या रात्रीपासून तो फोटो जाहिरातीचंच काम करू लागला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, छत्री नाही, भाषण थांबत नाही. एकही शब्द न वाचता पोहोचणारा विश्वासाचा पुरावा. मतदान तीन दिवसांनी होतं आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. ‘पावसामुळे निवडून आला’ हे मात्र सिद्ध होत नाही. आधी पाऊस, मग विजय, एवढाच क्रम आपल्याकडे आहे. उमेदवार, पक्षांतराचा राग, स्थानिक गणितं हे सगळं त्या फोटोच्या चौकटीबाहेर राहिलं.

प्रश्न : उमेदवाराचं नाव लहान आणि चिन्ह एवढं मोठं का छापतात? – वाचक, फलटण

यंत्रासमोर शेवटी चिन्हच शोधलं जातं. २०२४ च्या सातारा लोकसभा निवडणुकीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे एका पक्षाचं चिन्ह होतं, तर एका अपक्षाच्या ट्रम्पेटचं मराठी नावही ‘तुतारी’ होतं. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. जाहिरातीने ‘तुतारी’ हा शब्द घरोघरी पोहोचवला, चित्रातला माणूस मात्र तितका पोहोचला नाही.

प्रश्न : माझा फ्लेक्स आणि पत्रकं छापण्याचा व्यवसाय आहे. निवडणुकीत कार्यकर्ते घाईत येतात, ‘नाव-गाव टाकू नका’ म्हणतात. नियम काय? – छपाई व्यावसायिक, विटा

नाव-गाव नसेल तर काम घेऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं, पत्ते हवेत. प्रकाशकाकडून सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत घ्या, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनाच्या सह्या हव्यात. छापल्यापासून तीन दिवसांत घोषणापत्राची एक प्रत आणि पत्रकाच्या प्रती जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या असतात. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाची ओळख हवी, हे आयोगाने २०२४ च्या लोकसभेच्या वेळी बजावलं आहे. हे लोकसभा-विधानसभेचं झालं. जिल्हा परिषद, नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तेव्हाचे आदेश तहसील कचेरीतून वेगळे मागून घ्या.

घाईचं कारण बहुतेकदा खर्च असतो. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ४० लाखांची मर्यादा आहे, आणि नाव नसलेला फ्लेक्स कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

प्रश्न : फेसबुकवर एका ‘नागरिक मंचा’च्या नावाने रोज रील येतात. पैसे कोण देतंय, हे कळेल का? – गृहिणी, वाई

रील पैसे देऊन पसरवली असेल तर बरंच कळतं. मेटाची ‘ॲड लायब्ररी’ संगणकावर किंवा फोनच्या ब्राउझरवर उघडा, देश भारत आणि वर्ग निवडणूक-राजकारणाचा निवडा, मग त्या पानाचं नाव टाका. जाहिरातीचा खर्च कोणी केला, कधी सुरू झाली, किती ते किती रुपयांच्या दरम्यान खर्च झाला आणि कोणत्या वयाच्या, कोणत्या राज्यातल्या लोकांना दिसली, हे तिथे दिसतं. राजकीय जाहिराती तिथे सात वर्षं ठेवलेल्या असतात. गूगल आणि यूट्यूबसाठी ‘ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’ आहे.

एकाच मंचाच्या चार-पाच जाहिराती शेजारी ठेवून पाहा. बायकांना दाखवलेल्या रीलमध्ये गॅस सिलिंडर आणि तरुणांना दाखवलेल्या रीलमध्ये नोकरभरती असेल, तर संदेश माणूस बघून कापलेला आहे. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेलं मात्र यात सापडत नाही. आचारसंहिता लागलेली असेल तर समोर दिसणारा तिचा भंग निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’मधूनच फोटो किंवा व्हिडिओ काढून कळवता येतो; आधीचे, फोनवर आलेले फोटो त्यावर चढत नाहीत. शंभर मिनिटांत दखल घ्यायची, असं त्या यंत्रणेला बांधून दिलेलं आहे.