दालमिलसाठी सहकारी संस्था नोंदवायची आहे. घरचीच दहा माणसं चालतील का?

तुम्ही विचारलं आहे की दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावात तुरीची दालमिल टाकायला सहकारी संस्था काढायची आहे, घरचीच दहा माणसं तयार आहेत, तर सह्या करून अर्ज दिला की काम होईल का?

नाही होणार, भाऊ. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६ प्रमाणे किमान १० माणसं लागतात, पण ती वेगवेगळ्या कुटुंबांतली आणि संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणारी हवीत. नवरा, बायको, आई, वडील, मुलगा आणि लग्न न झालेली मुलगी हे कायद्याच्या लेखी एकच कुटुंब. आम्ही वाशिम जिल्ह्यात अशीच संस्था काढली तेव्हा मी मुख्य प्रवर्तक, म्हणजे संस्था काढायला पुढाकार घेणारा होतो. आमच्या दहांत एक बाप-लेक होते आणि एक नवरा-बायको. दहाचे आठ झाले, फाईल परत आली. मग शेजारच्या दोन घरांतल्या बायांनी सह्या केल्या आणि पुढं त्याच दोघी सगळ्यांत नेमानं बैठकीला आल्या. तुम्ही दहावर थांबू नका, चौदा-पंधरा घरं घ्या. ऐन वेळी कुणीतरी मागं सरतंच. प्रत्येकाचं वय १८ पूर्ण हवं.

सुरुवात तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या, म्हणजे सहकारी संस्था नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून करा. आधी प्रवर्तकांची सभा घ्या, मुख्य प्रवर्तक निवडा, सभेचं इतिवृत्त नीट लिहून काढा. ते जोडून नाव राखून ठेवण्याची आणि बँकेत खातं उघडण्याची परवानगी मागा. परवानगी आली की सगळ्यांची भागाची (शेअरची) रक्कम आणि प्रवेश फी त्या खात्यात भरा आणि बँकेकडून शिलकेचा दाखला घ्या. मग नमुना ‘अ’ मधला अर्ज, उपविधींच्या (संस्थेच्या नियमांच्या) चार प्रती, कोणी किती पैसे भरले याची यादी, बँकेचा दाखला आणि संस्थेची योजना असं सगळं एकत्र द्यायचं. उपविधींचा नमुना कार्यालयात मिळतो, पण तो तसाच्या तसा उतरवू नका. कार्यक्षेत्रात कोणकोणती गावं येतात ते तुमचं तुम्ही ठरवून लिहा.

सगळ्यांत जास्त मेहनत योजनेवर घ्या. कलम ४ प्रमाणे आर्थिकदृष्ट्या टिकणार नाही अशी संस्था नोंदवता येत नाही, आणि निबंधक ते या योजनेवरूनच पाहतात. आमची पहिली योजना आम्ही दुसऱ्या संस्थेची पाहून लिहिली होती. साहेबांनी एवढंच विचारलं, ‘तुमच्या गावात तूर किती होते?’ कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं-तिघं वही घेऊन घरोघरी फिरलो. कुणाच्या वावरात सोयाबीनमध्ये तुरीची किती तासं आहेत, घरी खायला किती ठेवतात, मळणी झाल्याबरोबर किती विकावी लागते आणि ती कुणाच्या उधारीपायी, हे सगळं लिहून घेतलं. १०० किलो तुरीतून ७०-७५ किलो डाळ हाती येते, वर चुरी आणि टरफलं ढोरांना. त्यावरून मिल वर्षात किती दिवस चालेल, वीज किती, मजुरी किती, हे मांडता आलं. त्या वहीमुळंच अर्ज मंजूर झाला असं मी मानतो. तुम्हीही ती आधी करा, कागद नंतर.

तुम्ही हेही लिहिलंय की एक काकाजी सगळ्यांचे भाग स्वतः भरायला तयार आहेत. त्यांना हात जोडून नाही म्हणा. कलम २८ प्रमाणे एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग ठेवता येत नाहीत, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. पाच एकरवाला आणि पन्नास एकरवाला एकाच सतरंजीवर बसून सारखं मत देतात, म्हणून तर मी कंपनीऐवजी सहकाराचा रस्ता धरला. शेतकरी उत्पादक कंपनीही १० शेतकऱ्यांत निघते, पण तिचा कायदा वेगळा, निबंधकही वेगळे.

अर्ज हातोहात द्या आणि तारखेची पोच जपून ठेवा. मुदत त्या तारखेपासून मोजतात. निबंधकांना दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो झाला नाही तर पुढच्या १५ दिवसांत अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडं जायला हवा. त्यांनीही दोन महिन्यांत काही केलं नाही तर संस्था नोंदली गेली असं कायदा धरतो.

नोंदणीनंतर तीन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा घ्या. मग दरवर्षी ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. नोंदणी करून काम सुरूच केलं नाही तर संस्था अवसायनात काढली, म्हणजे गुंडाळली जाऊ शकते.

तूर घरी येते जानेवारी-फेब्रुवारीत. त्या हिशेबानं अर्ज पोळ्याच्या आत कार्यालयात गेला पाहिजे, म्हणजे पुरे साडेचार महिने लागले तरी हंगाम हातचा जात नाही. घरोघरची वही त्याच्याही आधी, पेरणी आटोपली की लगेच सुरू करा. तेव्हा कोणत्या वावरात किती तूर आहे हे समोरच दिसतं.