गिअरबॉक्सचं तापमान: आकडा कुठून घेतला ते आधी पाहा

नाशिकच्या वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांपैकी गिअरबॉक्स ऑइलच्या तापमानाबद्दलची निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या मॅन्युअल गाडीचं इंजिन ट्यून केलेलं आहे, साधारण 200 अश्वशक्ती. ट्रॅकवरही नेतो. गिअरबॉक्स ऑइलच्या तापमानाचा मीटर लावायचा आहे. सेन्सर कुठे बसवावा?
— वाचक, इंदिरानगर

उत्तर : मीटर जरूर लावा. 200 अश्वशक्ती म्हणजे जवळपास 150 किलोवॅट. त्यातली 3 टक्के शक्ती गिअरच्या दातांत, बेअरिंगमध्ये आणि ऑइल घुसळण्यात गेली, तरी साडेचार किलोवॅट उष्णता तयार होते. घरातले 2 किलोवॅटचे दोन गिझर एकदम चालू ठेवले तरी एवढी होत नाही, आणि इथे ती झेलायला असतं दोन-अडीच लिटर ऑइल.

सेन्सरसाठी सर्वांत सोयीची जागा ड्रेन प्लगची, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या प्लगची. तिथे टोक कायम ऑइलमध्ये बुडलेलं राहतं. काम सुरू करताना आधी ऑइल भरायचा वरचा प्लग सुटतो का ते बघा. तो अडकला असेल आणि तुम्ही खालचं ऑइल काढून बसलात, तर गाडी जागेवरून हलणार नाही.

ड्रेन प्लगचा व्यास व्हर्नियरने आणि आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) गेजने मोजा, अंदाज नको. प्लग मोठा असेल तर अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही चांगल्या लेथवर षटकोनी स्टील बारमधून नवा प्लग करून त्यात सेन्सरचे आटे पाडून मिळतात. पण मूळ प्लग एम 14 (14 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा) किंवा त्याहून लहान असेल तर हे करू नका. आत एम 10 चं भोक पाडल्यावर भिंत जेमतेम मिलिमीटरभर उरते आणि आवळतानाच प्लग तुटतो. अशा वेळी मूळ प्लगच्याच आट्यांचा तयार सेन्सर शोधा.

सेन्सरच्या टोकाची लांबीही महत्त्वाची. ऑइल काढलेलं असताना, गाडी जॅक स्टँडवर, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, भोकातून जाड तार अडेपर्यंत घाला आणि खोली मोजा. तार बाहेर काढा, चाक थोडं फिरवा, पुन्हा मोजा. सर्वांत कमी भरलेल्या खोलीपेक्षा टोक किमान 5 मिलिमीटर आखूड हवं, नाहीतर डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरचा दात त्याला उडवेल. बाहेरची बाजूही तपासा. सेन्सर गिअरबॉक्सच्या तळाखाली लोंबत असेल तर आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर तो टिकणार नाही. वॉशर नवाच वापरा. मूळ प्लगला चुंबक असेल तर तो आता जाईल. म्हणून ऑइल बदलताना जुन्या ऑइलमधून चुंबक फिरवून लोखंडाचा कीस किती निघतो ते बघत जा.

सगळ्यात जास्त घोळ अर्थिंगचा होतो. एक-वायर सेन्सरचं सर्किट त्याच्या बॉडीतून पूर्ण होतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की रोध वाढतो, आणि या सेन्सरमध्ये जास्त रोध म्हणजे मीटरवर कमी तापमान. ऑइल 130 अंशांवर आणि मीटर 105 वर, ही चूक गिअरबॉक्स खाते. मल्टिमीटरने सेन्सरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात एक ओहमपेक्षा कमी रोध हवा. हेडलाइट लावताच काटा हलला तर अर्थिंग खराब आहे असं समजा. जमल्यास दोन-वायर सेन्सरच घ्या.

बसवण्याआधी सेन्सर मीटरला जोडून, बॉडीला अर्थिंगची वायर देऊन, उकळत्या पाण्यात धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. मीटरने 100 दाखवायची वाट बघू नका. फरक तीन अंशांहून जास्त असेल तर मीटर आणि सेन्सर एका जोडीचे नाहीत.

रोजच्या वापरात 80 ते 100 अंश ठीक. 120 ला हात आखडता घ्या. 130 वर तापमान टिकून राहिलं तर जोरात चालवणं थांबवा. पण थांबवणं म्हणजे गाडी लगेच उभी करणं नव्हे. वरच्या गिअरमध्ये हलक्या पायाने चालवत राहा, म्हणजे ऑइल फिरतं राहील आणि केसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाला, वारा लागेल.

प्रश्न : माझ्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. द्वारका चौकातल्या कोंडीत ऑइल 104 अंश दाखवतं, मुंबई महामार्गावर 92. बिघाड आहे का?
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही. या गिअरबॉक्सचा कूलर इंजिनच्या कूलंटवर चालतो, म्हणून गाडी तापल्यावर ऑइल 90 च्या आसपास असणारच. कोंडीत गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा ओला, म्हणजे ऑइलमध्ये चालणारा, क्लच घसरत राहतो आणि त्याची उष्णता याच ऑइलमध्ये येते. पुढे एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग हला. थांबल्यावर ब्रेक नीट दाबून धरा. अर्धवट दाबला तर क्लच ओढत राहतो. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं सर्वांत वाईट. या गिअरबॉक्सची यंत्रणा 138 अंशांना इंजिनचा टॉर्क कमी करते आणि 145 च्या पुढे क्लच उघडते. तिथपर्यंत वेळ येऊ देऊ नका.

ऑइल आणि फिल्टर 60,000 किलोमीटरला बदला. पातळी तपासताना इंजिन चालू आणि ऑइल 35 ते 45 अंशांत हवं. गरम ऑइल फुगलेलं असतं. तेव्हा पातळी लावली तर जादा ऑइल वाहून जातं आणि गार झाल्यावर कमी पडतं. गॅरेजवाला ऑइलचं तापमान बघायला स्कॅनर न लावता पातळी बघत असेल तर त्याला थांबवा.

आणखी एक. साध्या ओबीडी अॅपमध्ये (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून माहिती वाचणारं मोबाइल अॅप) दिसणारं तापमान बहुतेक वेळा कूलंटचं असतं. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचणारं अॅप किंवा स्कॅनर लागतो.

प्रश्न : इन्फ्रारेड गनने केसिंगचं तापमान मोजलं तर चालेल का?
— वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुलनेपुरतं. उघडं अॅल्युमिनियम चमकतं, त्यामुळे गन बरंच कमी तापमान दाखवते. केसिंगवर एका जागी उष्णता सोसणारा मॅट काळा रंग लावा आणि दर वेळी तिथेच मोजा. तरीही आतलं ऑइल त्याहून गरम असतं.

प्रश्न : मॅन्युअल गिअरबॉक्सला पंपासह वेगळा ऑइल कूलर लावू का?
— वाचक, सिडको

उत्तर : आधी पातळी तपासा. जास्त भरलेलं ऑइलसुद्धा घुसळून तापतं आणि फेसाळतं. पातळी बरोबर असूनही ट्रॅकवर 130 ओलांडत असेल तरच कूलर लावा. पंप गिअर ऑइलसाठीचाच हवा, त्याच्या आधी जाळी हवी, आणि तो रिले व थर्मल स्विचवर (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) चालवा: 90 ला चालू, 80 ला बंद. कायम चालू ठेवलेला पंप निफाडच्या थंडीतल्या सकाळी घट्ट ऑइल ओढताना जळतो. सेन्सर मात्र गिअरबॉक्समध्येच ठेवा. कूलरहून परतणाऱ्या पाइपमध्ये लावलात तर गार झालेलं ऑइल मोजाल. कूलर आणि पाइपमध्ये जितकं ऑइल मावतं तितकं जास्तीचं भरा, पंप काही मिनिटं चालवा आणि पातळी पुन्हा बघा.