कर्नेल्य 'परराष्ट्रीय' कसा?

प्रश्न असा आहे : मराठी बायबलात 'प्रेषितांची कृत्ये' वाचताना कैसरियाचा कर्नेल्य 'परराष्ट्रीयां'त मोडतो. पण तो रोमी शताधिपती, आणि प्रांतही रोमच्याच ताब्यातला. मग परराष्ट्र कोणाचं?

शंका रास्त आहे. 'परराष्ट्र' म्हटलं की आपल्याला मंत्रालय नि व्हिसा आठवतो. इथे सरहद्दीचा संबंधच नाही. मूळ ग्रीक शब्द 'एथ्नोस', म्हणजे लोकसमूह. त्यामागचा हिब्रू 'गोय'ही तोच. अब्राहामाला 'तुझं मोठं राष्ट्र करीन' असं वचन मिळतं, तिथेही 'गोय'च आहे. खोच आहे अनेकवचनात : 'एथ्ने', 'गोयीम' म्हणजे आपण सोडून बाकीचे. कृत्यांच्या दहाव्याच अध्यायात गंमत बघा. 22व्या वचनात यहूदी लोकांना एकवचनी 'एथ्नोस' म्हटलंय. 45व्यात तोच शब्द अनेकवचनी होऊन बाहेरच्यांना चिकटतो. आपला 'लोक' असाच वागतो. 'आपले लोक'मध्ये ऊब असते, 'त्या लोकांचं काही सांगू नका'मध्ये तोच टोचतो.

कर्नेल्याच्या घरात शिरल्यावर पेत्र, येशूचा यहूदी शिष्य, मात्र वेगळा शब्द वापरतो : 'अल्लोफिलोस', परक्या कुळाचा. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. अशा माणसाकडे जाणं यहूद्याला निषिद्ध, हे तो यजमानाच्या तोंडावर सांगतो; आणि लगेच, कोणालाही अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवलं, असंही. यरुशलेमला परतल्यावर त्याला जाब विचारतात तो काय, तर 'सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन जेवलास!' म्हणजे भेद देशाचा नव्हता, पंगतीचा होता. (हा भेद एका फटक्यात गेलाही नाही. अंत्युखियात हाच पेत्र अशा पंगतीतून मागे सरला, म्हणून पौल या दुसऱ्या प्रेषिताने त्याला चारचौघांत सुनावलं.)

आणखी एक शब्द. यरुशलेमच्या मंदिरातल्या कठड्यावरची ग्रीक ताकीद 1871 साली सापडली : आत पाऊल टाकणाऱ्या 'अल्लोगेनेस'ला, परक्या जन्माच्या माणसाला, मरण. लूककृत शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला एकटा शोमरोनी (यहूदी ज्यांना परके मानत त्या शेजारच्या लोकांतला) परततो, आणि त्याच्याबद्दल येशूच्या तोंडी नेमका हाच शब्द आहे.

तेव्हा 'परराष्ट्रीय' चूक नाही, 'राष्ट्र'चा अर्थ तेवढा आपल्याकडे सरकलाय. 'यहूदीतर' बिनचूक आहे, पण जनगणनेच्या रकान्यासारखा कोरडा. वाचून दाखवताना मी 'परके लोक' म्हणतो. त्यात 'एथ्नोस'मधले लोकही राहतात आणि बोचणारा 'पर'ही.